उरलेला हातभर डोंगर

मंजू, तुझा शेखर मागच्या रविवारी तुझी चित्राची गुंडाळी माझ्याकडे आणून देऊन गेला. हिरव्या कापडी पिशवीत, तुझ्या जुन्या ओढणीत बांधून. आत काही आला नाही. दारातूनच म्हणाला, हे तुमचं दोघींचं प्रकरण, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तूच ठेव. चहा टाकते म्हटलं तर नको म्हणाला, आणि मग पाच मिनिटं गाडीच्या किल्लीशी चाळा करत तिथेच उभा राहिला. तेव्हापासून ती गुंडाळी माझ्या डायनिंग टेबलवर आहे आणि मी आठवडाभर ओट्याशी उभी राहून जेवते आहे.

तुला माहीतच आहे, हातभर चित्र उरलंय. बाकी सगळं बघून झालंय, एकेका शनिवारी एकेक हात. हा शेवटचा हात तुझ्याशिवाय उघडायचा नाही, असं तू माझ्याकडून कबूल करून घेतलंस. मी कबूल केलं, कारण त्या दिवशी तुला पुन्हा नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. पण मला चैन पडत नाहीये गं. तू गेलीस त्याचं दुःख आहे ते आहेच, त्याबद्दल लिहायला गेले की हात थांबतो. आणि त्याच्या शेजारी, सांगायला लाज वाटते, उत्सुकता बसलेली आहे. चित्रातला तो गाढववाला नक्की कुठून निघालाय ते मला बघायचंय. आमची रिया म्हणाली, "मॉम, जस्ट ओपन इट. शी वुडन्ट माइंड." तिला काय सांगू की यू वुड माइंड, चांगलंच माइंड.

सुरुवात तुझ्या क्लासने झाली. बँकेतली नोकरी संपल्यावर (तू 'सुटले' म्हणायचीस, मी 'काढलं' म्हणायचे, त्यावरूनही आपलं वाजलं) तू कम्युनिटी हॉलमधल्या शाईच्या चित्रांच्या क्लासला जायला लागलीस. शिकवणाऱ्या मिसेस लिन. त्यांना तू दुसऱ्याच आठवड्यात लिनबाई करून टाकलंस, जशा आपल्याकडे शाळेत जोशीबाई असायच्या, आणि गंमत म्हणजे त्यांना ते आवडलं. तीन महिने तू नुसता बांबू काढत होतीस. मी म्हणाले, अगं, आता एखादा डोंगर काढ, का बांबूची वखार उघडायचीय?

तर त्यावर तू मला डोंगरच दाखवायला घेऊन गेलीस. हॉलच्या भिंतीवर एका जुन्या चित्राची मोठी प्रत होती. हजार वर्षांपूर्वीचं, चीनच्या सुंग राजवटीतलं. चित्राचा दोनतृतीयांश भाग व्यापून एकच डोंगर समोर उभा, उजवीकडे दोऱ्याएवढा धबधबा. मी माझ्या सवयीने आधी चुका शोधल्या. सूर्य कुठाय? सावली कुठल्या बाजूला पडते? हा चित्रकार नक्की कुठे उभा होता, कारण पायथा वरून बघितल्यासारखा आणि शेंडा खालून? वर मी हेही म्हणाले की यात स्केल नाही, आमच्या लॅबमध्ये असा फोटो कोणी दिला तर परत पाठवतील. तू माझी मान धरून खाली वाकवलीस. तळाशी, उजव्या कोपऱ्यात, खेचरांची एक रांग चालली होती. मुंग्यांएवढी. बरोबर दोन माणसं. तिथून नजर पुन्हा वर नेली आणि तो डोंगर असा काही वाढला की मी एक पाऊल मागे सरकले.

परत येताना गाडीत तू सांगितलंस की चित्रकाराने आपलं नाव तिथल्याच झाडाच्या पानांमध्ये लपवलंय, आणि जवळजवळ हजार वर्षं ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. हे आधी सांगायला काय झालं होतं? मी भर रस्त्यात गाडी वळवली. हॉल बंद झाला होता. आपण दोघी पन्नाशीच्या बायका खिडकीला नाक लावून उभ्या होतो, आणि कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका आजोबांनी काही मदत हवीय का म्हणून विचारलं. तू 'नो वरीज' म्हणालीस आणि हसत सुटलीस.

मग वाढदिवसाला शेखरने तुला ही गुंडाळी मागवून दिली. मूळ चित्र रेशमावरचं, तितकंच जुनं. हे छापील, पण मापाने अगदी मुळाएवढं. पार्सल आलं तेव्हा तू घरी नव्हतीस. आपला शेखर म्हणजे इंजिनिअर. त्याने ते हॉलभर पसरवून टेप लावून लांबी मोजली, बरोबर आली म्हणून समाधान पावला आणि पुन्हा नीट गुंडाळून ठेवलं. सोबतचा कागद रिसायकलिंगच्या डब्यात गेला. त्याने काही बिघडलं असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

हे चित्र भिंतीवर लावायचं नसतं, टेबलावर ठेवून हातभर उघडायचं, ते बघून झालं की एका हाताने गुंडाळत दुसऱ्या हाताने पुढचं सोडायचं, आणि पूर्ण एकदम कधीच बघायचं नाही, हा नियम तुला लिनबाईंनी सांगितलेला. मी भडकलेच. आमच्या लॅबमध्ये शिकवतात की भिंगाखाली स्लाइड आली की आधी सगळी एका नजरेत बघून घ्यायची, मग जवळ जायचं. न बघता पुढे जायचं म्हणजे काय? तू म्हणालीस, "रोज जगतेस कशी मग?" मी खारीचं पाकीट फोडलं.

पहिल्या शनिवारी मी वेस्टमीडच्या लॅबमधली सकाळची शिफ्ट संपवून, पेंडल हिलला स्टेशनजवळ थांबून खारी घेऊन, तुझ्या क्वेकर्स हिलच्या घरी आले. उत्साहाने आपण पहिला हात उघडला तर कोरा. नुसता कोरा कागद आणि एक लाल शिक्का. तू म्हणालीस, धुकं असेल. मी म्हणाले, पुस्तकाला पहिलं पान कोरं असतं तसं असेल. आणि आपण दोघी त्या कोऱ्या कागदाकडे बघत दोन कप चहा प्यायलो. दुसऱ्या शनिवारी डोंगर सुरू झाला.

काय काय सापडलं गं आपल्याला त्यात! कड्याला चिकटलेली दोन छपरं. पाइनच्या मुळांशी बसून पायातला काटा काढणारा कोणीतरी. नावेत झोपलेला कोळी, ज्याला तू आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या खजिनदारांचं नाव दिलंस. प्रत्येक हातात एक तरी माणूस शोधायचा, सापडेपर्यंत दुसरा चहा नाही, असं ठरलं होतं. आणि मधेच सगळं संपायचं. डोंगराचा पाय दिसायचा, माथा दिसायचा, मधे काही नाही, मोकळा पिवळट रंग. मी विचारायचे की हे ढग आहेत, पाणी आहे, का याला कंटाळा आला? तू लिनबाईंना विचारून यायचीस आणि सांगायचीस की त्या म्हणतात, सगळंच.

माझा विश्वास बसेना म्हणून तू मला ब्लू माउंटन्सला नेलंस. खरंच डोंगर असा मधून पुसला जातो का ते बघू म्हणालीस. कटूंबाच्या पॉइंटवर पोचलो तर सगळंच पुसलेलं. कठडा संपला की पुढे पांढरं, खाली पांढरं, वर पांढरं. दोन तास गाडी चालवून मी थंडीत कुडकुडत चिप्स खात होते आणि माझी चिडचिड चालली होती. तू मात्र कठड्याला रेलून एकटक बघत होतीस. अर्ध्या तासाने एकदाच, अगदी जरासं, समोर एक काळं टोक वर आलं आणि गेलं. तू माझा दंड इतक्या जोरात धरलास की चिप्स सांडल्या. मला ते टोक अजून दिसतं. तेव्हा तुला थँक्यू म्हणायला हवं होतं, मी चिप्सबद्दल बोलले.

आणि तो गाढववाला. रुंद टोपी, पुढे गाढव, गाढवावर दोन बोचकी. पहिल्यांदा तो खिंडीत भेटला, मग पुलावर, मग पाइनच्या झाडाखाली. तो एकच माणूस आहे का तीन वेगळे, यात दोन शनिवार गेले. एकच, असं शेवटी मी मान्य केलं. पण तो दर वेळी डावीकडे तोंड करून, आपण बघून झालेल्या डोंगराकडे चाललेला. आपण पुढे, तो आपल्याला आडवा येणारा. मी म्हणाले, हा घरातून निघालाय, बोचकी बघ, लांबचा प्रवास आहे, कड्यावरची ती छपरं म्हणजे देऊळ, तिथे निघालाय. तू म्हणालीस, छे, देऊळ कसलं, ते त्याचं घर आहे. बाजार करून घरी चाललाय, म्हणून बोचकी भरलेली. मी म्हणाले, इतक्या उंचावर घर कोण बांधतं? तू म्हणालीस, इतक्या लांब घर कोण बांधतं, पुण्याहून क्वेकर्स हिलला? झालं. पुढच्या प्रत्येक शनिवारी हेच भांडण. शेवट बघितला की कळणार होतं. तो जिथून निघाला ती जागा बाजाराची असली तर तू जिंकलीस, घराची असली तर मी.

हिवाळ्यात तुझे रिपोर्ट आले. तुझी बायॉप्सीची स्लाइड आमच्याच इमारतीत कुठेतरी होती हे मला माहीत होतं. मी त्या टेबलाकडे फिरकले नाही, कोणाला काही विचारलं नाही. एवढी वर्षं भिंगाखाली डोकं घालून बसलेली मी, पण त्या वेळी आयुष्यात पहिल्यांदा मला काहीही बघायचं नव्हतं. कारपार्कच्या चौथ्या मजल्यावर तू मला शांतपणे सांगितलंस, आणि मी पार्किंगच्या तिकिटाची घडी घालत राहिले. त्यानंतर कधी आपण शनिवारी भेटायचो, कधी तुला उठवत नसे म्हणून राहून जायचं. तू मात्र घाई करू द्यायची नाहीस. एकदा मी दोन हात एकदम उघडायला गेले तर माझ्या हातावर फटका मारलास.

शेवटी शेवटी गुंडाळी हॉस्पिटलमध्ये आली. पलंगावर सरकवायचं ते चाकांचं टेबल नेमकं हातभर रुंद असतं, त्याचा तुला कोण आनंद! केरळची ती सिस्टर सलाइन बघायला आली की थांबायची. एकदा तिने विचारलं, "दीदी, ये जगह कहाँ है?" तू म्हणालीस, "पता नहीं, अभी पहुँचे नहीं." ती गेल्यावर मी खिडकीकडे तोंड केलं.

त्या शनिवारचं मला लिहायचंच आहे. शेवटून दुसरा हात होता. नदीचा काठ, वाळलेली विलोची झाडं, आणि पुन्हा आपला गाढववाला, मान थोडी खाली घातलेला. त्याच्या मागची वाट उजव्या गुंडाळीच्या आत गेलेली. तू उशीला टेकूनच बघत होतीस. म्हणालीस, "घरी चाललाय." मी म्हणाले, निघालाय. बोचक्यांच्या दोऱ्या बघ कशा करकचून बांधल्यात, बाजारातून येणारा माणूस अशा बांधतो का? तू डोळे मिटलेस.

"अनघा, एकदा तरी हो म्हण."

आणि मी काय म्हणाले? "पुढच्या शनिवारी बघू की, पुराव्यानिशी."

मंजू, मला त्या क्षणी जीभ चावायला काय झालं होतं! तू हसलीस, ते तुझं मोठेपण. मग म्हणालीस, बरं, पण माझ्याशिवाय उघडू नकोस हं. मी म्हणाले, नाही गं. गुरुवारी तू गेलीस.

तुझ्यामागे मला हे एकच खुपतंय. बाकी आपण एकमेकींना सगळं बोललो होतो, नको तेही. एक 'हो' तेवढा राहिला.

परवा दुपारी मी लिनबाईंकडे गेले. गेले ते खरं म्हणजे परवानगी मागायला. दोघींनी मिळून बघायला घेतलेलं चित्र एकीने संपवलं तर चालतं का, तुमच्यात याची काही रीत आहे का, असं विचारणार होते. त्यांनी चहा दिला, टेबल पुसलं, हात धुऊन आल्या आणि गुंडाळी समोर ठेवून विचारलं, किती राहिलंय? मी उजवीकडच्या बारक्या गुंडाळीवर बोट ठेवलं. म्हटलं, एवढाच, शेवटचा हात.

त्यांनी माझं बोट हलकेच बाजूला सारलं. मग हळूच म्हणाल्या, "शेवट डावीकडे असतो. ही सुरुवात आहे."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. चिनी गुंडाळी उजवीकडून उघडते. त्यांना ते इतकं उघड की क्लासमध्ये कधी सांगावंसंही वाटलं नाही. शेखरने टेप लावून झाल्यावर ती उलट्या बाजूने गुंडाळली, आणि आपण दोघी आपल्या देवनागरीच्या सवयीने डावीकडून वाचत सुटलो. तो कोरा कागद शेवटचा होता. चित्र बघून झालेल्यांनी आपलं मत लिहावं म्हणून तो जोडलेला असतो. आपण त्याच्यावर चहा पिऊन पुढे गेलो. गाढववाला आपल्याला आडवा येत नव्हता, आपणच त्याच्या अंगावर चालून जात होतो.

मला हसू फुटलं. म्हटलं, मंजूला हे कळायला हवं होतं, केवढी हसली असती. तर लिनबाई म्हणाल्या, मंजिरीला माहीत होतं.

हिवाळ्यात तू त्यांना विचारलंस म्हणे, की चित्रातला माणूस नेहमी आमच्या उलट का चालतो. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूने उघडता? तेव्हाच कळलं तुला. तू खूप हसलीस, असं त्या म्हणाल्या. आणि मग त्यांना म्हणालीस, "अनघाला सांगू नका. ती शिस्तीची आहे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावेल. आणि तेवढे शनिवार माझ्याकडे नाहीत."

लिनबाईंच्या बाथरूममध्ये नळ सोडून मी रडले. कारण तू बरोबर ओळखलंस मला. लावलंच असतं. चुकीच्या बाजूने बघितलेलं मी धरलंच नसतं. सगळं उलगडून, उलटं गुंडाळून, 'चल, आता नीट' म्हणाले असते, आणि तू दमत असतानाही हट्टाने पहिल्या हातापासून बसवलं असतं तुला. मग ती नाव, तो काटा काढणारा, आपले अर्धे शनिवार, सगळं पुन्हा. तू मला ते करू दिलं नाहीस. चुकीच्याच वाटेने, पण पुढे जात राहिलीस. माझ्यासारखीला एवढं सांभाळून घेतलंस आणि वर कळूही दिलं नाहीस, याबद्दल मी तुझी किती ऋणी आहे ते तोंडाने कधी सांगता आलं नसतं, म्हणून इथे लिहिते.

परवानगीचं विचारायचं राहूनच गेलं. निघताना आठवलं, पण म्हटलं, ती लिनबाईंनी देण्याची नाहीच. आज शनिवार आहे. शिफ्ट करून आले, खारी आणली, दोन कप ठेवलेत. मी ठरवलंय की तुझ्याशी बोलत बोलतच उघडायचं. जे दिसेल ते लगेच तुला लिहायचं, म्हणजे ते तुझ्याशिवाय होणार नाही. चालेल ना? नाही चाललं तरी आता ऐक.

उघडते आहे. नदीचा काठ थोडा वर चढतो. वाट आहे, एक ओंडका आडवा पडलाय. मग बांबूचं कुंपण, तुझ्या क्लासमधल्यासारखंच, पण बरंच बरं काढलेलं, रागावू नकोस. एक निष्पर्ण झाड. इथे मोकळं सोडलंय, धुकं किंवा पाणी किंवा सगळंच. आता छप्पर दिसतंय. गवताचं आहे, बुटकं. दुकानं नाहीत, गर्दी नाही, तराजू नाही. अंगणात पाण्याची घागर आणि एक कोंबडी. मंजू, हे घर आहे. फाटक उघडं आहे. तो इथूनच निघाला.

जिंकले मी.

सवयीने मान वर केली, तुला 'बघ' म्हणायला.

थांब, अजून बोटभर राहिलंय. माणूस शोधल्याशिवाय दुसरा चहा नाही. भिंग आणलं. फाटकात कोणीतरी आहे. तांदळाच्या दाण्याएवढी, बाईच आहे, अंबाडा दिसतोय. हात हलवत नाहीये, रडत नाहीये, नुसता एक हात फाटकाच्या खांबावर ठेवलाय आणि डावीकडे बघते आहे. वाटेवर आता कोणी दिसत नाही, तो केव्हाच वळणावरून पुढे गेलाय, तरी आत गेलेली नाही. इतके शनिवार आपण दोघी त्या गाढववाल्यासाठी भांडलो. मागे कोणी उभं असेल, हे तुझ्याही मनात आलं नाही आणि माझ्याही नाही.

तुझं चुकलं गं. ते चुकायला नको होतं असं मला वाटतंय. आता हात पेनच्या शाईने भरलेत, चहा गार झालाय, आणि गुंडाळी मी मिटणार नाहीये, राहू दे तशीच टेबलावर.

सावकाश जा, मंजू. मी दारात उभी आहे.